जीमॅटमध्ये उपग्रह मोहिमेचं नियोजन: कक्षेपासून पासच्या वेळापत्रकापर्यंत

पृथ्वीची छायाचित्रं घेणारा ५० किलो वजनाचा उपग्रह ५०० किमी उंचीच्या सूर्यसमकालिक कक्षेत सोडायचा आहे, असं उदाहरण घेऊ. नियोजनासाठी चार आकडे हवेत: जमिनीवरच्या स्टेशनशी दिवसाला किती वेळ संपर्क मिळेल (उपग्रह स्टेशनच्या आकाशातून एकदा जातो त्याला पास म्हणतात), प्रत्येक फेरीत किती मिनिटं पृथ्वीच्या सावलीत जातील, जमिनीवर किती डेटा उतरेल आणि उंची राखायला वर्षाला किती इंधन लागेल. हे आकडे सॉफ्टवेअरमधून कसे काढायचे, कुठे फसायला होतं आणि आलेलं उत्तर ताडून कसं पाहायचं, ते पुढे दिलं आहे.

साधन म्हणून जीमॅट घेतलं आहे. नासाच्या गोडार्ड केंद्राच्या पुढाकारातून तयार झालेलं हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, अपाची २.० परवान्याखाली कुणालाही मिळतं आणि नासाच्या टेस या अवकाश दुर्बिणीसारख्या खऱ्या मोहिमांसाठी वापरलं गेलं आहे. एसटीके आणि फ्रीफ्लायर ही व्यावसायिक पॅकेजं आहेत. त्यांत अहवाल आणि त्रिमितीय चित्रं हाताशी तयार मिळतात. जावामध्ये कोड लिहायची तयारी असेल तर ओरेकिट फार चांगलं. उपग्रहाचं वळणं, रिॲक्शन व्हील, मॅग्नेटॉर्कर यांचं सिम्युलेशन मात्र जीमॅटवर लादू नका, त्यासाठी बॅसिलिस्क किंवा गोडार्डचंच ‘४२’ घ्या. पॅकेज कुठलंही असो, खालच्या चुका सगळीकडे सारख्याच होतात, कारण त्यांचं मूळ वेळ, संदर्भचौकट आणि गृहीतकं यांत असतं.

आधी वही, मग संगणक

सॉफ्टवेअर उघडण्याआधी पाच-सात आकडे हाताने काढा. पुढची सगळी तपासणी त्यांच्यावर उभी राहते, म्हणून ही पायरी गाळणं परवडत नाही.

पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८.१३७ किमी. त्यात ५०० मिळवले की कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष (लांब व्यासाचा निम्मा भाग, पुढे नुसता अक्ष) ६८७८.१३७ किमी. पृथ्वीचा म्यू (गुरुत्वाचा स्थिरांक) ३९८६००.४४ घन किमी प्रति वर्ग सेकंद. अक्षाच्या घनाला म्यूने भागून वर्गमूळ काढा आणि २π ने गुणा: फेरीचा काळ ५६७७ सेकंद, म्हणजे ९४.६ मिनिटं. दिवसाला १५.२२ फेऱ्या. कक्षेतला वेग सेकंदाला ७.६१ किमी, आणि उपग्रहाच्या पायाखालचा बिंदू जमिनीवरून सेकंदाला ७.०६ किमी सरकतो. लागोपाठच्या दोन फेऱ्यांचे मार्ग विषुववृत्तावर २३.६५ अंशांनी, म्हणजे सुमारे २,६३० किमी अंतराने पडतात.

इन्क्लिनेशन, म्हणजे कक्षेच्या प्रतलाचा विषुववृत्ताशी होणारा कोन, सूर्यसमकालिकतेच्या अटीवरून ठरतं. पृथ्वी विषुववृत्ताजवळ फुगीर असल्यामुळे कक्षेचं प्रतल हळूहळू फिरतं. हे फिरणं दिवसाला ०.९८५६ अंश पूर्वेकडे झालं, तरच उपग्रह एखाद्या जागेवरून वर्षभर जवळपास एकाच स्थानिक वेळी जातो. या फुगीरपणाचं माप असलेला जे-टू गुणांक ०.००१०८२६३ धरून ५०० किमीसाठी उत्तर येतं ९७.४० अंश. इथे दशांशाला मोल आहे. इन्क्लिनेशन ०.१ अंशाने चुकलं तर प्रतल दिवसाला साधारण ०.०१३ अंशाने जास्त किंवा कमी सरकतं, आणि वर्षाअखेर स्थानिक वेळ १९ मिनिटांनी हललेली असते. प्रक्षेपकाकडून इन्क्लिनेशनच्या अचूकतेची हमी किती मिळते, हे करार होण्याआधी विचारायचं ते यासाठी.

उरला आरोही पाताचा विषुवांश, ज्याला सगळे आरएएएन म्हणतात. पात म्हणजे कक्षा विषुववृत्ताला ओलांडते तो बिंदू; आरोही, म्हणजे चढता पात दक्षिणेकडून उत्तरेकडे जातानाचा. समजा उपग्रहाने सकाळी १०:३० वाजता उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना विषुववृत्त ओलांडायचं आहे. मग दक्षिणेकडून वर येतानाची वेळ २२:३०. मध्यम सूर्याचा रेखांश २८०.४६ + ०.९८५६४७४ × दिवस या सूत्राने काढतात. दिवस मोजायचे १ जानेवारी २००० च्या दुपारी १२ पासून. २० मार्च २०२६ दुपारी १२ साठी ९५७५ दिवस होतात आणि उत्तर ३५८.० अंश येतं. त्यात (२२.५ − १२) × १५, म्हणजे १५७.५ अंश मिळवा आणि ३६० वजा करा: आरएएएन १५५.५ अंश. १०:३० ही वेळ चढत्या आणि उतरत्या पातांपैकी कोणत्या पाताची, याची गल्लत झाली की उत्तर १८० अंशांनी फिरतं आणि उपग्रह रात्री छायाचित्रं काढायला निघतो.

उपग्रह भरताना

जीमॅट उघडल्यावर डावीकडे रिसोर्सेसच्या झाडात एक तयार उपग्रह दिसतो. त्याचं नाव बदला आणि त्याची एकही डिफॉल्ट किंमत तशीच राहू देऊ नका. डिफॉल्ट उपग्रहाचं वस्तुमान ८५० किलो, ड्रॅगचं (हवेच्या रोधाचं) क्षेत्रफळ १५ चौरस मीटर आणि ड्रॅग गुणांक २.२ असतो. आपल्या उपग्रहाचं वस्तुमान ५० किलो, क्षेत्रफळ ०.५ चौरस मीटर. गुणांक × क्षेत्रफळ ÷ वस्तुमान हे गुणोत्तर डिफॉल्टमध्ये ०.०३९ येतं आणि आपलं ०.०२२. कक्षा बदलली पण हे पान उघडलंच नाही, तर उपग्रह पावणेदोनपट वेगाने खाली येताना दिसेल आणि चित्रात काहीच वावगं वाटणार नाही.

वेळेचा प्रकार आधी निवडा, मग वेळ भरा. इथे यूटीसी (घड्याळांची जागतिक प्रमाणवेळ) ग्रेगोरियन घ्या. यूटीसी, जीपीएस वेळ आणि टीटी (खगोलगणितात वापरतात ती वेळ) या तिन्हींतला फरक पाठच हवा: जीपीएस वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे आणि टीटी ६९.१८४ सेकंद पुढे. हे आकडे २०१७ च्या लीप सेकंदानंतरचे आहेत. यूटीसीची वेळ टीटीच्या खान्यात पडली तर उपग्रह कक्षेत सव्वापाचशे किमी पुढेमागे दिसतो. जीमॅटच्या डेटा फोल्डरमध्ये लीप सेकंदाची आणि पृथ्वीच्या फिरण्याची फाईल असते. इन्स्टॉलेशन जुनं असेल तर काम सुरू करण्याआधी त्या दोन्ही ताज्या करून घ्या.

सरासरी आणि क्षणिक: सगळ्यात महागात पडणारा घोळ

आता ऑर्बिट टॅब. स्टेट टाइप केप्लेरियन ठेवून अक्षाच्या खान्यात ६८७८.१३७ टाकावं, असं कुणालाही वाटेल. तसं केलं तर कक्षा चुकते.

केप्लेरियन खान्यात जीमॅटला क्षणिक मूल्यं हवी असतात, म्हणजे त्या क्षणी बाकीची सगळी बलं गायब झाली तर उपग्रह ज्या लंबवर्तुळात फिरेल त्याची मूल्यं. वहीत काढलेली मूल्यं सरासरी आहेत. जे-टूमुळे क्षणिक अक्ष एकाच फेरीत दोनदा वरखाली होतो. आपल्या कक्षेत हा झोका सरासरीच्या दोन्ही बाजूंना सुमारे ९.४ किमी असतो. विषुववृत्तावर क्षणिक अक्ष सरासरीपेक्षा ९.४ किमी जास्त, ध्रुवांकडे तेवढाच कमी. उपग्रह विषुववृत्तावर असतानाची स्थिती म्हणून ६८७८.१३७ टाकलं, तर खरी सरासरी कक्षा ९.४ किमी खालची होते. प्रत्येक फेरी ११.७ सेकंद आधी संपते आणि दिवसाअखेर उपग्रह तीन मिनिटं आधी येतो. आठवड्याच्या वेळापत्रकात ही चूक वीस मिनिटांवर जाते, म्हणजे अँटेना आकाशाकडे वळेपर्यंत पास होऊन गेलेला असतो.

उपाय सोपा आहे. स्टेट टाइप ब्राऊवर मीन शॉर्ट (सरासरी मूल्यांचा प्रकार) करा आणि मग मूल्यं भरा: अक्ष ६८७८.१३७, उत्केंद्रता (कक्षेचा लांबटपणा) ०.००१, इन्क्लिनेशन ९७.४०, आरएएएन १५५.५, पेरिजीचा (पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूचा) कोन ९०, मीन ॲनोमली (पेरिजीपासून उपग्रह किती पुढे आहे तो कोन) ०. प्रकार आधी बदलायचा आणि आकडे नंतर, कारण उलट क्रमाने गेलात तर भरलेले आकडे जीमॅट नव्या प्रकारात रूपांतरित करून टाकतं. उत्केंद्रता ०.००१ च्या आसपास आणि पेरिजी ९० अंशांवर ठेवली की पेरिजी एका जागी टिकते आणि एकाच जागेवरून जाताना उंची दरवेळी जवळपास तीच मिळते. कॅमेऱ्याच्या माणसांना ही गोष्ट फार हवी असते.

आणखी एक सापळा संदर्भचौकटीचा. अवकाशातल्या जीपीएस रिसीव्हरकडून येणारी स्थिती आणि वेग बहुधा पृथ्वीसोबत फिरणाऱ्या चौकटीत असतात. ते जडत्वीय (ताऱ्यांच्या सापेक्ष स्थिर) चौकटीत भरले तर पृथ्वीच्या फिरण्याचा सेकंदाला अर्धा किमीपर्यंतचा वाटा वेगातून हरवतो आणि कक्षेचं काही खरं राहत नाही. असे आकडे भरताना कोऑर्डिनेट सिस्टिम अर्थ फिक्स्ड निवडा.

बलं किती धरायची

डिफॉल्ट फोर्स मॉडेलमध्ये पृथ्वीचं गुरुत्व ४×४ पर्यंत असतं (गुरुत्वातले चढउतार किती बारकाईने धरायचे त्याचं माप) आणि ड्रॅग बंद. सराव म्हणून ठीक. नियोजनासाठी ईजीएम-९६ हे गुरुत्व मॉडेल २०×२० पर्यंत घ्या, चंद्र आणि सूर्य जोडा, सौरदाब चालू करा आणि ड्रॅगसाठी एमएसआयएसई-९० हे हवेच्या घनतेचं मॉडेल निवडा. ७०×७० केलं तर संगणक दमतो, पण पासच्या वेळा फारशा हलत नाहीत. ५०० किमीवर खरी अनिश्चितता हवेची असते.

हवेची घनता सूर्यावर अवलंबून असते आणि सूर्याच्या सक्रियतेचं माप म्हणून एफ-१०.७ हा आकडा वापरतात. शांत सूर्यकाळात तो ७० च्या आसपास उतरतो, ऐन भरात २०० च्या पुढे जातो. जीमॅटमध्ये डिफॉल्ट १५० असतो. घनता घनमीटरला ५ × १०⁻¹³ किलो धरली तर आपला उपग्रह प्रत्येक फेरीत ३.३ मीटर, म्हणजे दिवसाला साधारण ५० मीटर खाली येतो. सूर्य तापलेला असताना हाच आकडा काही पटींनी वाढतो. दिवसाला ५० मीटर हे किरकोळ वाटतं, पण ड्रॅग बंद ठेवून आठवड्याचं वेळापत्रक काढलं तर शेवटच्या दिवशी उपग्रह सुमारे २३ सेकंद आधी येतो. ड्रॅग चालू आहे पण घनता २० टक्क्यांनी चुकली, तरी पाचेक सेकंद जातातच. म्हणून या उंचीवर सात दिवसांपुढचे पास ढोबळ समजायचे आणि अँटेनाला द्यायची फाईल रोज नवी काढायची.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे २१० किमी पेरिजीवर सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक उपग्रह भूचुंबकीय वादळानंतर वातावरणात जळून गेले. ते वादळ फार मोठंही नव्हतं. त्यामुळे मोहिमेच्या आयुर्मानासाठी एकच सिम्युलेशन करून थांबू नका. एफ-१०.७ ची ७०, १५० आणि २२० अशी तीन मूल्यं घेऊन तीनदा चालवा आणि अहवालात तिन्ही उत्तरं द्या.

प्रोपगेटर (कक्षा पायरीपायरीने पुढे मोजणारी पद्धत) रुंगे-कुट्टा ८९ तसाच ठेवा, सुरुवातीची पायरी ६० सेकंद. कमाल पायरी मात्र डिफॉल्टमध्ये २७०० सेकंद असते, ती ३०० वर आणा. मिशनच्या झाडात प्रोपगेट आज्ञेची थांबण्याची अट एलॅप्स्ड डेज ७ अशी द्या आणि रन करा.

विश्वास ठेवण्याआधी

पहिल्या रननंतर पाससाठी घाई करू नका. रिपोर्ट फाईलमध्ये अक्ष, उत्केंद्रता, इन्क्लिनेशन, आरएएएन आणि अक्षांश-रेखांश काढून वहीतल्या आकड्यांशी लावा. आरएएएन सात दिवसांत ६.९ अंश वाढलेला हवा. लागोपाठच्या चढत्या पातांमधला रेखांशाचा फरक २३.६ ते २३.७ अंश हवा. सरासरी अक्षाचा आलेख हळूहळू उतरणारा हवा आणि क्षणिक अक्षाचा आलेख त्याच्याभोवती जवळपास १९ किमी रुंदीचा पट्टा दाखवणारा हवा. पट्टा दिसलाच नाही तर गुरुत्व मॉडेलमध्ये जे-टू आलेलं नाही.

मग सगळी बलं काढून फक्त बिंदुरूप पृथ्वी ठेवा आणि पुन्हा चालवा. आता अक्ष दशांशाच्या सहाव्या स्थानापर्यंत तरी स्थिर राहायला हवा. हलला तर दोष प्रोपगेटरच्या सेटिंगमध्ये आहे. पूर्ण मॉडेलवर परत येऊन अचूकतेची मर्यादा दहापट कडक करा. सात दिवसांनंतरच्या स्थितीत काही मीटरपेक्षा जास्त फरक पडला तर आधीची सेटिंग ढिली होती. या तीन तपासण्यांना अर्धा तास लागतो आणि पुढचे कित्येक दिवस वाचतात.

स्टेशन आणि पास

ग्राउंड स्टेशन जोडताना स्टेट टाइप आधी कार्टेशियन असतो, तो स्फेरिकल करा. होरायझन रेफरन्स एलिप्सॉइड करा, कारण नकाशावरचे आणि जीपीएसवरचे अक्षांश लंबवर्तुळाच्या हिशेबाने असतात. तो स्फिअरवर राहिला तर ४५ अंश अक्षांशाजवळ स्टेशन सुमारे २१ किमी सरकतं. उंची किलोमीटरमध्ये भरायची. समुद्रसपाटीपासून ५६० मीटर म्हणून ५६० टाइप केलं, तर स्टेशन उपग्रहाच्याही वर जाऊन बसतं आणि जीमॅट ते मुकाट्याने स्वीकारतं.

किमान उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन) डिफॉल्टमध्ये ७ अंश असतो. १० अंश ठेवा. ५ अंशांवर डोक्यावरून जाणारा पास ९.२ मिनिटांचा दिसतो, १० अंशांवर तोच ७.४ मिनिटांचा. ९.२ मिनिटांचा आकडा अहवालात घालायचा मोह होतो. पण ५ अंशांवर उपग्रह २,०८० किमी लांब असतो, इमारती आणि झाडं आड येतात आणि जमिनीवरून परावर्तित झालेले सिग्नल त्रास देतात. स्टेशनच्या आसपास डोंगर असेल तर त्या दिशेचा उन्नतांश प्रत्यक्ष मोजून घ्या आणि तेवढे पास नंतर हाताने छाटा.

आता कॉन्टॅक्ट लोकेटर जोडा: लक्ष्य उपग्रह, निरीक्षक स्टेशन, पायरी १० सेकंद. पायरी मोठी केली तर क्षितिजावरून चाटून जाणारे छोटे पास यादीतून गळतात. रन संपल्यावर आऊटपुटमध्ये सुरुवात, शेवट आणि कालावधी यूटीसीमध्ये मिळतो. स्थानिक वेळेत रूपांतर फक्त माणसांना वाचायच्या प्रतीत करा. यंत्रांना जाणारी फाईल यूटीसीतच राहू द्या.

यादी बरोबर आहे का, हे ओळखायची खूण अशी. विषुववृत्ताच्या २० अंशांच्या आसपास असलेल्या स्टेशनला ही कक्षा दिवसाला दोन ते चार पास देते, निम्मे सकाळी दहा-अकराच्या सुमारास, निम्मे रात्री त्याच सुमारास. सरासरी पास कमाल पासच्या π/४ पट, म्हणजे ५.८ मिनिटांचा. स्वालबार्डसारख्या उत्तरेकडच्या स्टेशनला जवळजवळ प्रत्येक फेरी दिसते, म्हणूनच पृथ्वी निरीक्षणाच्या मोहिमा तिथे अँटेना भाड्याने घेतात. आपल्या यादीत दिवसाला आठ पास आले आणि स्टेशन ध्रुवाजवळ नसेल, तर आधी उंचीचा खाना तपासा.

सावली आणि बॅटरी

एक्लिप्स लोकेटर जोडला की पूर्ण छाया आणि उपछाया वेगवेगळ्या मिळतात. कागदी हिशेबाने ५०० किमीवर सगळ्यात लांब सावली ३५.८ मिनिटांची, आणि १०:३० च्या कक्षेत ती ३५ मिनिटांच्या आसपास राहते. जीमॅटचं उत्तर एखाद्या मिनिटात जुळायला हवं.

सरासरी भार ४० वॉट असेल तर सावलीत २३ ते २४ वॉट-तास लागतात, आणि तारांतला व कन्व्हर्टरमधला तोटा धरून २६ वॉट-तास. या कक्षेत बॅटरी वर्षाला ५,५०० वेळा चार्ज-डिस्चार्ज होते. म्हणून प्रत्येक वेळी क्षमतेच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त काढायचं नाही, असं धरा: बॅटरी १०५ वॉट-तासांची. सरासरी भारावर थांबू नका. ट्रान्समीटर चालू असलेला रात्रीचा पास सावलीतच पडतो. अशा पासची यादी ग्रहणांच्या यादीशी जोडून त्या फेऱ्यांचा हिशेब वेगळा करा.

डेटाचा हिशेब, जिथे आशा आकड्यांवर मात करते

कॅमेरा ५ मीटर विभेदनाचा, पट्टा २० किमी, म्हणजे रांगेत ४,००० पिक्सेल. चार बँड, प्रत्येकी १२ बिट: रांगेला १,९२,००० बिट. जमिनीवरचा वेग ७.०६ किमी असल्याने सेकंदाला १,४१२ रांगा. कच्चा डेटा सेकंदाला २७१ मेगाबिट, निम्म्यावर दाबला तर १३५.५.

डाउनलिंक (उपग्रहाकडून जमिनीकडे डेटा आणणारा दुवा) सेकंदाला १०० मेगाबिटचा आहे. ५.८ मिनिटांच्या सरासरी पासमधलं एक मिनिट सिग्नल पकडण्यात आणि सोडण्यात जातं. उरतात २८८ सेकंद, म्हणजे पासला २८.८ गिगाबिट. दिवसाला तीन पास मिळाले तर ८६.४ गिगाबिट आणि कॅमेरा दिवसभरात फक्त साडेदहा मिनिटं चालवता येतो. एक पास पावसाने किंवा स्टेशनच्या दुरुस्तीने गेला की सात मिनिटं. ग्राहकाला कबूल करायचा आकडा सात मिनिटांचा, साडेदहाचा नाही.

१० अंशांवर उपग्रह १,६९५ किमी लांब असतो, डोक्यावर ५००. त्या दोन टोकांत सिग्नलचा फरक १०.६ डेसिबल. कोडिंग आणि मॉड्युलेशन पासदरम्यान बदलणारा मोडेम असेल तर हा फरक डेटात बदलतो. नसेल तर लिंकचा हिशेब १० अंशांवरच करायचा.

लक्ष्यांची यादी बनवताना वळण्याचा वेळ विसरला जातो. ३० अंश कुशीवर वळून पट्ट्याबाहेर सुमारे २९० किमी लांबचं लक्ष्य दिसू शकतं. पण सेकंदाला १ अंश या दराने ३० सेकंद वळायला आणि १० सेकंद थरथर थांबायला लागतात. तेवढ्यात पायाखालची जमीन २८० किमी पुढे गेलेली असते. दोन लक्ष्यांमध्ये एवढं अंतर नसेल तर त्यांतलं एकच पदरात पडतं.

बर्न

बर्न म्हणजे थ्रस्टर चालवून दिलेला वेगबदल. प्रक्षेपकाने १० किमी खाली सोडलं असं धरा. ६८७८ वर यायला एकूण सेकंदाला ५.५ मीटर, अर्ध्या फेरीच्या अंतराने दोन बर्नमध्ये प्रत्येकी २.७७. जीमॅटमध्ये इम्पल्सिव्ह बर्न स्थानिक व्हीएनबी अक्षांत घ्या. पहिला घटक वेगाच्या दिशेचा. एकक सेकंदाला किलोमीटर आहे, म्हणून ०.००२७७ टाकायचं. २.७७ टाकलं तर उपग्रह पृथ्वीपासून फार दूर उधळतो.

टारगेट आज्ञेत डिफरेन्शियल करेक्टर (बर्नचा आकडा जुळवत जाणारा सॉल्व्हर) वापरताना दोन्ही बर्नला वेगळं टारगेट द्या: पहिल्यानंतर ब्राऊवर शॉर्ट अक्ष ६८७३.१४, दुसऱ्यानंतर ६८७८.१४. क्षणिक अक्ष लक्ष्य ठेवला तर ९.४ किमीचा तो झोका सॉल्व्हरला फसवतो. व्हेरी या आज्ञेतली कमाल पायरी डिफॉल्टमध्ये ०.२, म्हणजे सेकंदाला २०० मीटर असते, ती ०.००१ करा आणि पर्टर्बेशन ०.००००१. उत्केंद्रता शून्य हे लक्ष्य कधी देऊ नका. ती शून्याखाली जात नाही, त्यामुळे उताराच्या अंदाजाने चालणारा सॉल्व्हर तिथे अडखळतो आणि जुळत नाही.

१ न्यूटनचा थ्रस्टर हा बर्न १३८ सेकंदांत करतो, तिथे क्षणिक धक्क्याचं मॉडेल चालतं. १० मिलिन्यूटनच्या विद्युत थ्रस्टरला त्याच बर्नला जवळपास अडीच फेऱ्या लागतात; तिथे फायनाइट बर्नच हवा. दिवसाला ५० मीटरची घसरण भरून काढायला वर्षाला १० मीटर प्रति सेकंद लागतात. विशिष्ट आवेग (थ्रस्टर इंधन किती काटकसरीने वापरतो त्याचं माप) २२० सेकंद असेल तर पाव किलोच्या आत इंधन. मोहीम संपल्यावर पेरिजी २०० किमीवर आणायला मात्र एकदम ८५ मीटर प्रति सेकंद. टाकी या शेवटच्या आकड्यावर ठरते.

प्रक्षेपणानंतर

कक्षेची पहिली माहिती बहुधा टीएलईच्या, म्हणजे कक्षेची मूल्यं ठरावीक साच्यात देणाऱ्या नोंदीच्या, दोन ओळींत येते. टीएलईमधली मूल्यं एसजीपी-४ या मॉडेलच्या सरासरीची असतात आणि चौकट टीईएमई असते. ती केप्लेरियन खान्यात थेट टाइप करू नका. एसजीपी-४ ने त्या वेळची स्थिती आणि वेग काढा, चौकट बदला आणि मग कार्टेशियन म्हणून भरा. ताज्या टीएलईतही किलोमीटरभराची चूक गृहीत धरा; ती दिवसागणिक आणखी काही किमीने वाढते. एका रॉकेटवर बरेच उपग्रह असतील तर पहिले काही दिवस कुठली टीएलई कुणाची हेच ठरत नसतं. तेव्हा ४३७ मेगाहर्ट्झवरच्या बीकनचा (उपग्रहाच्या ओळख-सिग्नलचा) डॉप्लर, म्हणजे वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक, नोंदवा. तो उपग्रह येताना सुमारे १० किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढाच खाली असतो, आणि बदलाची मधली वेळ कुठल्या टीएलईशी जुळते ते पाहून आपला उपग्रह ओळखता येतो.

पुढे प्रत्येक पासला सिग्नल मिळाल्याची प्रत्यक्ष वेळ नोंदवा आणि जीमॅटच्या वेळेतून वजा करा. आठवडाभराचे फरक एका आलेखावर मांडा. फरक रोज तेवढाच राहिला तर घड्याळ, लीप सेकंद किंवा स्टेशनचे अक्षांश-रेखांश तपासा. सरळ रेषेत वाढत गेला तर अक्ष चुकला आहे. दिवसाला १ सेकंद म्हणजे अक्षात ५३ मीटर. वाढीचा वेगही वाढत असेल आणि उपग्रह आधीआधी येत असेल तर ड्रॅग कमी धरला आहे. अशा वेळी ड्रॅग गुणांक थोडा वाढवा, मागचे सात दिवस पुन्हा चालवा आणि आलेख सपाट झाला की त्याच गुणांकाने पुढच्या आठवड्याची यादी काढा.